पहिल्या साच्याचा आलेख

४ मार्च

ओतणी विभागातील प्रथम श्रेणी कारागीर, बिल्ला क्रमांक एकशे सत्तावीस, यांस –

घरातल्या चिठ्ठ्यांखाली तू अशीच सही करायचीस. 'दूध तापवून ठेवावे. गॅस बंद केल्याची खात्री करावी. – प्रथम श्रेणी कारागीर, बि. क्र. १२७.' ती माझ्या कार्यालयीन भाषेची थट्टा होती, हे मला कळत असे. मी कधी हसलो नाही. ही चूक येथे नोंदवतो.

तुला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. वजनमापे तपासणाऱ्या कार्यालयात चौतीस वर्षे काढलेला माणूस दिवस मोजणारच, असे तू म्हणाली असतीस. घर व्यवस्थित आहे. घड्याळाला रविवारी किल्ली देतो. मोडतोडीची वही मात्र तू गेल्यापासून उघडलेली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून घरात काय फुटले, कधी, कशामुळे, हे मी त्या वहीत लिहीत आलो आणि तू त्यावरून मला छळत आलीस. 'उद्या मी गेले तरी वहीत चढवाल. एक पत्नी. कारण अज्ञात.' कारण अज्ञात नव्हते. मेंदूत गाठ होती. डॉक्टरांनी विचारले, उजवा हात कधीपासून जड वाटतो? तू म्हणालीस, आठ-दहा दिवस. मी रुग्णालयाच्या अर्जात तसेच लिहिले आणि खाली सही केली.

आज तुमच्या कारखान्यातून मुकादमांचे पत्र आले. तू ज्यांना दादा म्हणायचीस, तेच. ओतणीसाठी नवे दालन बांधून होत आले आहे आणि त्याला तुझे नाव देण्याचे ठरले आहे. 'बावीस वर्षांत एकही दोष नाही', असे पाटीवर कोरणार आहेत. त्यांना तुझे छायाचित्र हवे आहे, आणि जुन्या खोलीची तुझ्याकडची चावी.

बावीस वर्षांत मी तुझी ती खोली एकदाही पाहिली नाही. तू बोलावले होतेस. मला वाटते, दोनदा.

*

६ मार्च

माननीय मुकादम यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोचले. पत्नीच्या नावाची पाटी लावण्याचा निर्णय कळून समाधान वाटले. तिला प्रसिद्धीचे वावडे होते. परंतु 'एकही दोष नाही' हे शब्द तिला आवडले असते, अशी माझी खात्री आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे.

चावी तिच्या कामाच्या कोटाच्या उजव्या खिशात असते, असे आपण कळवले होते. तेथे ती मिळाली नाही. डाव्या खिशात मिळाली. पत्नी पूर्णतः उजव्या हाताने व्यवहार करणारी होती, म्हणून हे वेगळे वाटले, इतकेच. चावी टपालाने पाठवणे मला उचित वाटत नाही. पाटीच्या दिवशी स्वतः आणून देईन.

आपला विश्वासू.

*

१५ मार्च

दाजी, नमस्कार.

ताईंना ताई म्हणायचो, म्हणून तुम्हाला दाजी. 'माननीय' वगैरे लिहिलंत की मला वाटतं कुणा दुसऱ्याचं पत्र चुकून माझ्या हातात आलं.

फोटो छान आहे. ताई त्यात हसू दाबतायत. फोटो काढणारे तुम्हीच असणार.

आता जरा नको ती बातमी. पाटीचा कार्यक्रम पुढे ढकललाय. गेल्या मंगळवारी बंदरावर बचावपथकाचा सराव होता. आपला दोरबाण तुम्हाला माहीत असेलच. बुडत्या जहाजाकडे दोर फेकतो तो छोटा अग्निबाण. त्यातला एक सुटायच्या ऐवजी जागच्या जागी फाटला. धरणाऱ्या माणसाची दोन बोटं गेली. जिवावरचं बोटांवर निभावलं म्हणायचं.

बाण डिसेंबरच्या लॉटचा निघाला. म्हणजे ओतलेला ताईंनी. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मिक्सरचं पातं झिजलेलं होतं, मी तसं तोंडी सांगितलंय आणि लेखीही देणार आहे. चौकशी बसेल, डिसेंबरचा लॉट परत मागवतील, नवं पातं येईल, की संपलं. पाटी लागणारच. माझा शब्द.

तुमचा,
मुकादम

*

१९ मार्च

माननीय मुकादम यांस,

आपल्या पत्राने मी अस्वस्थ झालो. जखमी गृहस्थांची प्रकृती कशी आहे, ते कृपया कळवावे.

दोष पात्याचा असेल, तर पत्नीने ओतल्याचा उल्लेख करण्याचे प्रयोजन काय? आणि मी मनाला लावून घेऊ नये, हे सांगण्याची गरज आपल्याला का भासली? मृत व्यक्ती खुलासा देऊ शकत नाही, हे जाणून तिच्याकडे बोट दाखवले जात असेल, तर मी ते सहन करणार नाही.

ओतणीचा आणि ज्वलनाचा संबंध काय, हे मला समजेल अशा शब्दांत लिहावे. तसेच गेल्या वर्षीच्या तिच्या प्रत्येक लॉटच्या ज्वलन चाचणीचे आलेख पाठवावेत. आयुष्यभर मी इतरांची मापे तपासली आहेत. हीही तपासू शकेन.

आपला.

*

२७ मार्च

दाजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ताईंची आठवण. त्या म्हणायच्या, 'आमच्याकडे भांडणसुद्धा पोच घेऊन होतं.'

ताईंकडे बोट दाखवायला माझी जीभ झडेल. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आपलं इंधन द्रव नसतं, घट्ट असतं. आधी लगदा. त्यात दाणे, काही जाड, काही पिठासारखे बारीक, आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट रस. तो साच्यात ओतायचा आणि उबेत मुरत ठेवायचा. मुरला की रबरासारखा कांडा होतो. ज्या टोकापासून ओतायला सुरुवात केली, त्याच टोकाला पेट द्यायचा, मग मेणबत्तीसारखा सरळ जळत जातो. लोकांना वाटतं, माल तोच तर आग तीच. तसं नसतं. माल तोच असला तरी कसा मळला, कसा ओतला, कुठे थांबला, यावर आग चालते. ताई म्हणायच्या, 'दादा, आपण विसरतो, पण हा कांडा नाही विसरत. ज्या क्रमाने भरलं, त्याच क्रमाने वाचून दाखवतो.'

म्हणून धार एकसारखी लागते. एका साच्याला सहा मिनिटं. मध्ये तुटली तर जाड दाणे खाली बसतात, बारीक वर राहतात, आणि वरून पुन्हा ओतलं की मधोमध बारीक दाण्यांचा पापुद्रा राहतो. एक्स-रेत दिसत नाही, कारण पोकळी नसतेच. पण आग तिथे पोचली की एकदम धावते. आलेखात तेवढाच उंचवटा येतो. आम्ही त्याला खांदा म्हणतो. खांदा लहान असेल तर चालतं. मोठा असेल तर नळी फाटते.

ताईंची धार बावीस वर्षं तुटली नाही. यंत्र आणायचं तीनदा ठरलं आणि तीनदा साहेबलोकांनी यंत्राचा आलेख ताईंच्या आलेखाशेजारी ठेवून बेत सोडून दिला.

बारा महिन्यांचे बारा आलेख सोबत पाठवतोय. बघा आणि निवांत व्हा. दोष पात्याचाच आहे.

बोटंवाल्याला घरी सोडलं. पथकाची शिटी डाव्या हातात धरायला शिकतोय म्हणे.

मुकादम

*

५ एप्रिल

मुकादम यांस,

आलेख सात दिवस तपासले. जानेवारी ते ऑगस्ट या आठ आलेखांची रेषा सपाट आहे. सप्टेंबरच्या आलेखात पाचव्या सेकंदाजवळ लहान खांदा आहे. ऑक्टोबरमध्ये तो साडेचार सेकंदांवर आला आहे, नोव्हेंबरमध्ये चारच्या अलीकडे. डिसेंबरमध्ये तो तिसऱ्या सेकंदाला आहे आणि उंचीने सर्वांत मोठा आहे. तरीही चारही आलेखांवर 'मर्यादेत' असा शिक्का आहे.

मला आपले शास्त्र येत नाही, पण मापांतील चूक ओळखता येते. पाते झिजलेले असते, तर लगदा सगळीकडे सारखाच बिघडला असता आणि दोष आलेखभर पसरला असता. हा दोष एकाच ठिकाणी आहे आणि महिन्यागणिक आरंभाकडे सरकतो आहे. आपणच लिहिले आहे की कांडा भरल्या क्रमाने जळतो. मग ओतताना धार कोठेतरी तुटत होती, आणि दर महिन्याला ती अधिक लवकर तुटत होती.

मी आपल्याला एकच प्रश्न विचारतो. ती थांबत होती का?

उत्तर चौकशी समितीला न देता मला द्यावे, अशी माझी विनंती नाही. आधी मला द्यावे, इतकीच आहे.

*

१४ एप्रिल

दाजी,

थांबत होत्या.

गेले आठ दिवस कागद पुढे घेऊन बसतोय. बायको म्हणाली, 'एवढं काय लिहिताय, लग्नाचं जमवताय का कुणाचं?'

सप्टेंबरात एक दिवस ताई म्हणाल्या, 'दादा, दोन मिनिटं. हाताला मुंग्या आल्यात.' भांडं टेकवलं, हात चोळला, पुन्हा ओतायला लागल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मीच भांडाराच्या कोपऱ्यातून एक स्टूल आणून दिलं, भांडं टेकवायला. कुणी विचारलं तर म्हणायचो, माझी कंबर धरलीय, मला बसायला आणलंय. डॉक्टरांकडे जा म्हणून मी दहादा सांगितलं. म्हणायच्या, 'नवं दालन होईपर्यंत रेटते. आत्ता सुट्टी घेतली तर यंत्र येईल आणि मग मला कोण विचारतंय?' आणि मला बजावलं होतं, 'घरी कळवू नका हं. ते वहीत लिहितील, आणि एकदा वहीत लिहिलं की ते खरं होतं.'

म्हणून कळवलं नाही. मला माहीत होतं धार तुटतेय. पण आलेख मर्यादेत येत होता, शिक्का बसत होता. मी शिक्क्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचाच होता. खांदा लहान आहे, चालून जाईल, असं म्हणत राहिलो. चार महिने.

आणखी एक सांगतो, मग पोटात काही ठेवलेलं नाही. महिन्याला एक लॉट, तो एकाच दिवसात ओततात, चोवीस साचे. चाचणीला त्यातला एक जाळतात. कुठला? पहिला. पहिल्यापासून पहिलाच. कारण तो आधी मुरतो आणि आधी हाताशी येतो, दुसरं काही नाही. सकाळचा पहिला साचा, म्हणजे ताजा हात. आलेखात जो खांदा दिसतोय तो ताज्या हाताचा आहे. दुपारी चोविसाव्या साच्याला काय होत असेल ते तुम्हीच समजा.

म्हणजे सप्टेंबरच्या आधीही पहिला साचा चांगला आणि शेवटचे बिघडलेले, असं झालेलं असू शकतं. केव्हापासून, ते मला माहीत नाही. मला सप्टेंबरपर्यंत काही बोलल्या नाहीत. आता ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

*

२० एप्रिल

मुकादम यांस,

सांगणारे आहे. काल मी मोडतोडीची वही उघडली. गेल्या वर्षीच्या नोंदी खाली जशाच्या तशा उतरवतो.

'११ एप्रिल. चहाचा कप, एक. पत्नीच्या हातून. कारण – निष्काळजीपणा.'

'२९ एप्रिल. कप, एक, बशी, एक. कारण – वरीलप्रमाणे. समज दिली.'

'१७ मे. लोणच्याची बरणी. झाकण मला उघडण्यास सांगितले, मी वाचत होतो, स्वतः प्रयत्न केला, निसटली.'

'३ जून. पत्नी डाव्या हाताने ढवळते, त्यामुळे सांडते. सवय वाईट. सांगितले.'

'२२ जुलै. कप, एक. यापुढे पत्नीस स्टीलचा पेला द्यावा.'

अकरा एप्रिलपूर्वीच्या दोन वर्षांत तिच्या हातून एकही वस्तू फुटलेली नाही. त्या दोन वर्षांत माझ्या हातून चार फुटल्या.

आठ-दहा दिवस, असे तिने डॉक्टरांना सांगितले. नऊ महिने झाले होते, आणि ते माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले होते. तारीख मी लिहीत होतो. कारण वाचत नव्हतो.

आपण केवळ डिसेंबरचा लॉट परत मागवणार आहात. आपल्या कबुलीप्रमाणे सप्टेंबरपासूनचे चार मागवावे लागतील. वहीप्रमाणे एप्रिलपासूनचे नऊ. नऊ लॉट, दोनशे सोळा साचे. पहिले नऊ चाचणीत जळले, म्हणजे चांगले होते तेच आपण जाळले. एक बंदरावर फाटला. उरलेले दोनशे सहा बंदरांवर आणि बोटींत आहेत. ज्या दिवशी समुद्रात कोणी बुडत असेल, त्या दिवशी ते कोणीतरी हातात धरणार.

वही चौकशी समितीकडे पाठवण्याचा माझा विचार आहे.

*

२४ एप्रिल

दाजी,

पाया पडतो, घाई करू नका.

माझ्या नोकरीचं मी बोलत नाही. दोन वर्षं राहिलीत, ती गेली तर गेली. ताईंचं बोलतोय. पात्याचा अहवाल उद्या-परवा मंजूर होईल. एकदा झाला की पाटी लागते. तुमची वही गेली की काय होईल माहितीय? 'आजारी असताना लपवून काम केलं, त्यामुळे माणूस जायबंदी झाला.' हे लिहिलं जाईल. बावीस वर्षं कुणी लिहिणार नाही, नऊ महिने लिहितील. कारखान्यातली पोरंटोरं, ज्यांना ताईंनी भांडं धरायला शिकवलं, तीसुद्धा कुजबुजतील. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, हे तुमचेच शब्द.

आणि एप्रिलचे सगळेच बाण वाईट असतील असं थोडंच आहे? एक कप फुटला म्हणून धार तुटली, असं कुठलं शास्त्र सांगतं? कप माझ्या बायकोच्या हातून आठवड्याला एक फुटतो.

मी दुसरी वाट काढतो. भांडार माझ्या ओळखीतलं आहे. जुने लॉट गुपचूप, थोडे थोडे, बदलून घेतो. वर्ष दीड वर्ष लागेल. कुणाला कळणार नाही आणि ताईंचं नाव राहील.

एकदा विचार करा. त्या तुमच्या होत्या, तशा आमच्याही होत्या.

मुकादम

*

२८ एप्रिल

दादा,

ती आपल्याला दादा म्हणत असे. यापुढे मीही म्हणेन. या पत्रानंतर आपण तो अधिकार काढून घेतलात, तर माझी तक्रार नसेल.

आपले पत्र मी दोन दिवस जवळ ठेवले. पाटी लागावी, असे मला आपल्यापेक्षा कमी वाटत नाही. काल संध्याकाळी मी वहीची पाने फाडण्यासाठी टेबलाशी बसलो होतो, हे आपल्यापासून लपवत नाही. फाडली असती तर वही मीच लिहिलेली, मीच फाडलेली. साक्षीदार नाही.

तेव्हा मला आपणच लिहिलेले तिचे वाक्य आठवले. एकदा वहीत लिहिले की ते खरे होते. ती वहीला घाबरत होती आणि मला वाटत आले होते की ती केवळ थट्टा करते. परंतु वहीत न लिहिल्याने ते खोटे झाले नाही. ते साच्यांत जाऊन बसले.

एक कप फुटल्याने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून मी समितीला निष्कर्ष कळवलेला नाही, तारखा कळवल्या आहेत. एप्रिलच्या लॉटचा चोविसावा साचा परत आणून जाळून पाहावा, एवढी एकच विनंती केली आहे. तो सपाट जळाला, तर वही चुकली आणि मी आपली जाहीर क्षमा मागेन. वर्ष दीड वर्ष गुपचूप बदलण्याची आपली वाट मी घेऊ शकत नाही. वादळ वर्ष दीड वर्ष थांबणार नाही.

समितीच्या अर्जात दोषींची नावे विचारली आहेत. पहिले नाव मी माझे घातले: 'पती, लक्षणे नऊ महिने पाहिली, निष्काळजीपणा म्हणून नोंदवली, वैद्यांना चुकीचा कालावधी दिला.' तिचे नाव दुसरे आहे. आपले तिसरे. आपल्या नावापुढे, स्टूल आणून दिले, असे लिहिले आहे. त्या खोलीत तिला टेकायला काहीतरी देणारे आपण एकटेच होता, हेही लिहिले आहे. चौकशीच्या रकान्यात ते बसत नव्हते, म्हणून समासात लिहिले.

समितीचे पत्र आज सकाळी टाकले.

*

१६ मे

दाजी,

तीन आठवडे लिहिलं नाही. रागावलो होतो. खोटं कशाला बोलू.

चोविसावा साचा मिळाला. एका गावच्या बोटीत, कपाटात नीट पुसून ठेवलेला होता. परवा चाचणीघरात, जाड भिंतीमागून जाळला. मी हजर होतो. समितीचे तिघं, मी, आणि बोटंवाला. त्याला बोलावलं होतं.

पहिले चार सेकंद रेघ अशी सपाट, की मला वाटलं दाजी हरले. मनात म्हटलं, ताई, शाबास. आणि पाचव्याच्या अलीकडे ती उठली. डिसेंबरच्या पहिल्या साच्याला होता त्याहून मोठा खांदा. नळी राहिली, पण जोड उघडला. एप्रिलचा, दाजी. ज्या दिवशी ताई मला म्हणाल्या होत्या, 'आज काय ऊन आहे नाही?', आणि मी म्हटलं होतं, 'हो ना.'

बोटंवाला कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, 'हे ओतणारी बाई आजारी होती?' मी मान डोलावली. मग तोच म्हणाला, 'मग थांबली ते बरोबरच केलं. थांबल्याचं सांगायला हवं होतं.' आणि शिटी गळ्यात अडकवून निघून गेला.

नऊही लॉट परत येतायत. आजपर्यंत एकशे त्र्याऐंशी जमा झाले. बाकीच्यांतले काही सरावात सुटून गेले, काही रस्त्यात आहेत.

पाटी रद्द. दालनाला नाव नाही, नुसता क्रमांक. मला भांडारात बसवलंय. किल्ल्या मोजतो. बायको म्हणते, आता तरी कंबर खरंच धरू नका.

एक नियम बदलला. चाचणीला आता दिवसाचा शेवटचा साचा जळतो. कागदावर त्याला लांबलचक नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. ओतणीच्या दिवशी सकाळी मुली आपसात विचारतात, 'आज ताईंचा साचा कुणाच्या वाट्याला?' आणि जिच्या वाट्याला येतो, ती दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटं हात खाली सोडून बसते. मुकादमाने काही म्हणायचं नाही, असं ठरलंय. मी मुकादम नाही, तरी मुद्दाम जाऊन बघून येतो.

जुनी खोली पुढच्या शनिवारी कायमची बंद होतेय. एक चावी माझ्याकडे आहे, दुसरी तुमच्याकडे. तुम्ही आणून देतो म्हणाला होतात.

तुमचा,
दादा

*

२४ मे

प्रथम श्रेणी कारागीर, बि. क्र. १२७, यांस –

आज तुझी खोली पाहिली.

दादा फाटकाशी थांबले होते. मला वाटले होते त्यापेक्षा ते ठेंगणे आहेत. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, 'दाजी, बूट बदला. आत बाहेरचे बूट चालत नाहीत.' त्यांनी तुझे कापडी बूट पुढे केले. ते मला झाले नाहीत. मी मोजे घालून आत गेलो.

खोली लहान आहे. उत्तरेला उंच खिडकी, मधोमध साच्यांची लाकडी घोडी, चोवीस खाचांची. पहिल्या खाचेपाशी फरशी गुळगुळीत झाली आहे. तेथून शेवटच्या खाचेपर्यंत फरशीवर तुझ्या पावलांचा पट्टा उमटला आहे. स्टूल विसाव्या खाचेजवळ होते. दादा म्हणाले, ऑक्टोबरात ते तेथे ठेवले होते, डिसेंबरात पहिल्या खाचेजवळ आले. आता ते पुन्हा विसाव्याजवळ कोणी आणून ठेवले, हे त्यांना ठाऊक नाही.

भांडे खुंटीला होते. मी ते काढले. दादांनी त्यात खुणेपर्यंत पाणी भरून दिले. माझा हात वजनाच्या बाबतीत सहसा चुकत नाही. अकरा किलो, थोडे अधिक. लगद्याचे त्याहून जड भरेल. मी ते तिरके धरून बादलीत धार सोडली आणि घड्याळ पाहिले. एक मिनिट चाळीस सेकंदांनी धार तुटली. माझ्या हातात गाठ नव्हती, मला कोणताही आजार नाही. सहा मिनिटे, चोवीस वेळा, बावीस वर्षे. संध्याकाळी तू घरी आल्यावर मी तुला बरणीचे झाकण स्वतः उघडू दिले.

हे भांडे किती वजनाचे आहे, असे मी तुला कधी विचारले नाही. चौतीस वर्षे मी परक्या माणसांची वजने तपासली.

पाटी लागली नाही. तुझे नाव चौकशीच्या कागदात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि ते मी लिहिले आहे. तू मला माफ करशील की नाही, हे मला ठरवता येत नाही. ते मी गृहीत धरत नाही. एकशे एक्याण्णव परत आले आहेत, असे दादा म्हणाले.

वहीत आज एक जुनी नोंद दुरुस्त केली. ११ एप्रिल, कप, एक. 'निष्काळजीपणा' खोडून शेजारी लिहिले: 'चूक पत्नीची नव्हे.' खाली सही केली.

निघताना दादा मागे सरकले आणि म्हणाले, 'लावा तुम्हीच.' खिडकी बंद असल्याची खात्री केली. दार ओढले. कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या, दादांची एक आणि तुझ्या डाव्या खिशातली एक, भांडाराच्या खिडकीवर परत केल्या. पोच घेतली.